रनर, दाते आणि काळ्या मातीची धूळ

परभणीच्या गुजरी बाजारात किंवा स्टेशन रोडला चेन दुरुस्त करणाऱ्यासमोर बॅग टाका आणि त्याची नजर कुठं जाते ते बघा. आपण सांगत असतो, "दातेच गेलेत हो, नवी चेन टाका." तो दात्यांकडे ढुंकूनही बघत नाही. रनर उलटा करतो, पाठीवरचा बारीक आकडा वाचतो, दोन बोटांत धरून डावीउजवीकडे हलवतो आणि म्हणतो, "चेन चांगलीय, रनर ढिला झालाय." बहुतेक वेळा त्याचंच खरं असतं.

त्याला हे कळतं कसं, यातच या चिमुकल्या यंत्राची सगळी गंमत आहे. रनर म्हणजे खालीवर दोन पत्रे आणि मध्ये एक पाचर. पुढून दोन वाटा आत येतात, मागून एकच बाहेर पडते. साध्या रनरमध्ये चाक नाही, स्प्रिंग नाही, ओढायची पट्टी सोडली तर हलणारा एकही भाग नाही. जे काय घडतं ते आतल्या वळणामुळं. धातूच्या चेनचा एक दाता भिंगाखाली धरला तर एका अंगाला इवलासा उंचवटा दिसतो आणि दुसऱ्या अंगाला तेवढाच खळगा. दाते ज्या कापडी पट्टीवर बसवलेले असतात ती सरळ असताना शेजारच्या दोन दात्यांमधली फट एवढी अरुंद असते की समोरचा दाता आत शिरूच शकत नाही. रनरच्या वाटेत मात्र पट्टीला वळण मिळतं, दाते पंख्यासारखे फाकतात, फट क्षणभर मोठी होते आणि तेवढ्यात समोरचा दाता आत येऊन बसतो. पट्टी पुन्हा सरळ झाली की तो अडकला! आता त्याला दोन्हीकडचे शेजारी धरून ठेवतात. आडवं कितीही ओढा, सुटत नाही. सुटायचं तर तेच वळण पुन्हा लागतं, आणि उलट ओढल्यावर ती पाचर दोन्ही ओळींना हळूच वेगळं करते.

म्हणजे चेन लागते ती त्या दोन पत्र्यांमधल्या अंतरावर. हे अंतर केसभर वाढलं तरी दाते आतून सैल जातात, उंचवटा खळग्यात बसत नाही आणि रनर पुढं गेला तरी मागं चेन उघडीच राहते. रनर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो, म्हणजे फार कठीण नाही. त्यातून धूळ जात राहिली की तो आतून घासत जातो. शिवाय पुण्याला शिकायला निघालेल्या लेकराच्या बॅगेत आई ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि वर एक चादर कोंबते, आणि मग सगळे मिळून चेन ओढतात. तो सगळा ताण त्या दोन पत्र्यांना फाकवायला लागतो. बॅग दोन्हीकडून दाबून धरावी, मग रनर ओढावा. एवढं केलं तरी त्याचं आयुष्य वाढतं.

ही रचना एका झटक्यात सुचलेली नाही. व्हिटकॉम्ब जडसन या अमेरिकी माणसानं १८९३ साली पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात आपला नमुना मांडला. विवेकानंदांचं भाषण गाजलं ते त्याच शिकागोत, त्याच वर्षी. जडसनची चेन हुकांची होती आणि भलत्या वेळी उघडायची, त्यामुळं तिची चर्चा फारशी झाली नाही. तिढा सोडवला तो स्वीडनहून आलेल्या गिडियन सुंडबॅक या इंजिनिअरनं. हुक काढून त्यानं उंचवटा-खळग्याचे दाते आणले, एका इंचात चारांऐवजी दहाच्या आसपास बसवले. १९१७ साली त्याला पेटंट मिळालं. आज आपल्या पँटला आहे ती मूळ कल्पना त्याचीच.

बॅगांचं प्रकरण जरा वेगळं आहे. आजच्या बहुतेक बॅगा, तंबू आणि सॅक यांच्या चेनला दातेच नसतात. नायलॉनसारखा एकच ताठ धागा वेटोळ्यात गुंडाळून पट्टीवर शिवलेला असतो, आणि एका वेटोळ्याची कड समोरच्या दोन वेटोळ्यांत अडकते. म्हणून ही चेन मध्येच उघडली तरी घाबरायचं कारण नाही. रनर मागं टोकापर्यंत न्या, पुन्हा पुढं आणा. वेटोळी जिथल्या तिथं बसतात. याच गुणाची दुसरी बाजू ऐकून मात्र चैन पडणार नाही. कुलूप लावलेल्या सुटकेसची अशी चेन साध्या बॉलपेनाचं टोक खुपसून उघडता येते, आणि नंतर रनर फिरवला की मागमूसही राहत नाही. रनरला लावलेलं ते छोटं कुलूप आपल्या समाधानासाठी.

आता धुळीकडं येऊ, कारण परभणीत घट्ट झालेल्या चेनचं कारण बऱ्याचदा तीच असते. १९६९ ते १९७२ या काळात चंद्रावर उतरलेल्या अपोलोच्या अंतराळवीरांनाही हाच त्रास झाला होता. त्यांच्या पोशाखांच्या चेन आणि मनगटाजवळचे जोड चंद्राच्या धुळीनं चोंदले. चंद्रावरचे ते काळपट सपाट डाग बेसाल्टचे, आणि आपला दख्खनही बेसाल्टचाच. जिंतूरच्या पलीकडं, बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार विवर याच खडकात उल्का आदळून झालं, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे तिथं येतात. खडक तोच, धूळ मात्र निराळी. चंद्रावर ना वारा ना पाणी, त्यामुळं तिथल्या कणांच्या धारा कधी झिजल्याच नाहीत. आपल्याकडं लाखो पावसाळ्यांनी तो खडक कुजवून त्याची काळी माती केली. तिचे कण अतिशय बारीक, पाणी पिऊन फुगणारे आणि चिकट. पावसाळ्यात चपलेला लागलेला तिचा थर किती हट्टी असतो ते कापसाच्या रानातून चाललेल्याला सांगायला नको. घाम किंवा तेल मिळालं की ती वेटोळ्यांमध्ये तशीच बसते.

म्हणून घट्ट चेनला खोबरेल तेल लावायची आपली सवय अगदी उलटी. दोन दिवस रनर मस्त पळतो, आठवड्यात तेलानं धरलेल्या धुळीचं किटण होतं. आधी कोरडी चेन जुन्या टूथब्रशनं घासावी, रनरच्या दोन्ही तोंडांतून फुंकर मारावी. मग साबणाचं कोमट पाणी, पुन्हा ब्रश, आणि सावलीत पूर्ण वाळवणं. त्यानंतर मेणबत्ती दात्यांवरून एकदोनदा फिरवून रनर मागंपुढं न्यावा. मेण कोरडं असल्यामुळं तेलाइतकी धूळ धरत नाही. पितळी चेन असेल तर शिसपेन्सिलही चालते, तिच्यातलं ग्रॅफाइट कागदाइतकंच धातूवरही गुळगुळीत घसरतं.

रनर दर वेळी एकाच जागी अडत असेल तर दोष रनरचा नाही. तिथं एखादा दाता वाकलाय नाहीतर अस्तराचा दोरा आत ओढला गेलाय. मागून चेन उघडी राहत असेल तर मात्र पक्कड घ्यावी. दाबायचं ते रनरचं मागचं टोक, जिथून जुळलेले दाते बाहेर पडतात तिथं. आधी एक बाजू, मग दुसरी, दर वेळी अगदी हलकं, आणि मध्ये मध्ये चालवून बघत. जोर जास्त झाला तर ठिसूळ धातू कडकन तुटतो. दाबलेला रनर काही महिने काढतो, कायमचा नसतो.

नवा घ्यायला जाताना जुना सोबत न्या, कारण मघाचा तो पाठीवरचा आकडा जुळायलाच हवा. ३, ५, ८, १० असे आकडे असतात. ढोबळ मानानं ती बंद चेनची मिलिमीटरमधली रुंदी. नायलॉनच्या चेनचा रनर धातूच्या चेनला चालत नाही, आकडा तोच असला तरी. खालच्या टोकाची शिवण उसवून दोन्ही पट्ट्या एकाच वेळी, समान उंचीवर आत सरकवायच्या. एक दाता पुढंमागं झाला तर वर जाऊन बॅग तिरकी बसते. मग टोकाला सुईदोऱ्यानं पाचसहा घट्ट टाके, तोच स्टॉपर.

जर्किनसारख्या पूर्ण सुटणाऱ्या चेनचं तेवढं वेगळं. तिच्या खालची पिन पट्टीतून निसटली तर कितीही चांगला रनर घातला तरी उपयोग नाही. पट्टीचं टोक नुसतं उसवलं असेल तर नेलपॉलिशचे दोन हात देऊन ताठ करता येतं. पिनच हरवली असेल तर चेन बदलायचे पैसे बाजूला काढा.