घरातला सर्व्हर

मंडळी, सर्व्हर हा शब्द आता आपल्या कानांना नवा राहिलेला नाही. बँकेत, रेशनच्या दुकानात, निकालाच्या दिवशी शाळेत, एकच वाक्य ऐकू येते: "सर्व्हर डाउन आहे." ते ऐकले की आपण मुकाट्याने माघारी फिरतो. पण हा सर्व्हर म्हणजे नेमके काय, तो असतो कुठे, आणि तसला एखादा आपल्या घरात किंवा शाळेत बसवता येईल की नाही, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज तेवढेच पाहू.

लग्नघरी कोठीवर एक माणूस बसवलेला असतो. आचाऱ्याने गूळ मागितला की तो गूळ काढून देतो, तेल मागितले की तेल. कोणाला काय द्यायचे आणि कोणाला नाही, हे त्याला सांगून ठेवलेले असते. सर्व्हर म्हणजे असा कोठीवरचा संगणक. इतर संगणक आणि मोबाइल त्याच्याकडे मागणी करतात, तो फाइल, चित्र, धडा काढून देतो. त्याला पडदा लागत नाही, कळफलकही रोज लागत नाही. मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर प्रचंड इमारतींत असतात हे खरे; पण काम हेच. तुमच्या कपाटावर धूळ खात पडलेला जुना संगणकही ते करू शकतो.

आता औंढा नागनाथ तालुक्यातले आपले शिरड शहापूर घ्या. समजा, शाळेने पाच वर्षांत स्नेहसंमेलनांचे, वृक्षारोपणाचे, विज्ञान प्रदर्शनाचे फोटो काढले. एखाद्या उत्साही बाईंनी मुलींकडून आज्यांच्या ओव्या मोबाइलवर उतरवून घेतल्या. हे सगळे आहे कुठे? बहुतेक ठिकाणी ते एका शिक्षकाच्या फोनमध्ये असते. त्यांची बदली झाली की शाळेचा पाच वर्षांचा इतिहास त्यांच्या खिशातून पुढच्या गावाला जातो. फोन पाण्यात पडला तर तोही नाही. "काहून हो गुरुजी, गावचं दप्तर गावात नको का?" असे कोणी विचारले तर उत्तर देणे कठीण आहे.

ओव्यांचा विषय निघालाच आहे तर एक खरी गोष्ट सांगतो. हेमा राईरकर आणि गी पोइतव्हॅं या दोघा अभ्यासकांनी, अनेक सहकाऱ्यांच्या मदतीने, महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कितीतरी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि सगळा संग्रह संगणकावर नीट लावून ठेवला. २०१७ पासून तो 'पारी' या संकेतस्थळावर लोकांसमोर येऊ लागला. ज्या बायांनी त्या गायल्या, त्यांतल्या कित्येक आज नाहीत. आवाज मात्र आहे. आता हिशेब करा. एका ओवीत साधारण शंभर अक्षरचिन्हे धरली, आणि संगणकात देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट जागा लागते हे धरले, तर एका ओवीला तीनशे बाइट, आणि लाख ओव्यांना सुमारे ३० मेगाबाइट. आजच्या मोबाइलचे सात-आठ फोटो तेवढी जागा खातात! आवाजाला जागा अधिक लागते. पण साध्या प्रतीचे ध्वनिमुद्रण मिनिटाला एक मेगाबाइट या दराने धरले तरी शंभर तासांचे गाणे सहा गिगाबाइटांत बसते. म्हणजे अडचण जागेची नाही, जागा नेमून देण्याची आहे.

दुसरे उदाहरण तर आपल्या तालुक्यातलेच आहे. औंढ्याजवळ दुधाळ्याच्या परिसरात 'लायगो इंडिया' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरांच्या दोन भुजा काटकोनात मांडलेल्या असतात, आणि त्यांच्या लांबीतला कल्पनातीत सूक्ष्म फरक मोजला जातो. अमेरिकेतल्या अशा वेधशाळेत ही नोंद सेकंदाला १६,३८४ वेळा होते. ती पहिल्यांदा जागेवरच्या संगणकात लिहिली जाते आणि मग तिच्या प्रती दूरच्या संग्रहाकडे जातात. शाळेच्या कपाटातल्या सर्व्हरची चाल नेमकी हीच ठेवायची आहे: आधी जागेवर नोंद, मग दुसरीकडे प्रत.

असो. यंत्राकडे वळू.

नवे यंत्र विकत घेण्याची घाई करू नका. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, आणि चांगले चालते संगणक पुष्कळ ठिकाणी अडगळीत गेले. त्यांवर लिनक्स सुखाने चालते. चार गिगाबाइट स्मृती असली तरी सुरुवातीचे काम भागते, आठ असली तर उत्तम. जुनी फिरती चकती असेल तर ती काढून त्या जागी एसएसडी बसवावी. तेवढ्याने म्हातारे यंत्र तरुणासारखे चालू लागते. रास्पबेरी पायसारखी तळहाताएवढी पाटीही चालते, मात्र तिच्या छोट्या मेमरी कार्डावर सतत लेखन झाले की कार्ड लवकर झिजते. तिलाही एसएसडी जोडलेली बरी.

खरा प्रश्न विजेचा. हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते, हे शिक्षकांनी मुलांकडून घोकून घेतलेलेच असते. जुना टेबलावरचा संगणक सरासरी ५० वॉट घेतो असे धरा. दिवसरात्र चालवला तर दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६. जुना लॅपटॉप १५ वॉटांवर चालला तर महिन्याला जेमतेम ११ युनिट. छोटी पाटी पाच वॉटांची, तिचे साडेतीन युनिट. सातवीच्या मुलांना हे गणित घालून पाहा, ते घरच्या वीजबिलाकडे वेगळ्या नजरेने बघतील.

माझे मत विचाराल तर आपल्याकडे जुना लॅपटॉप सर्वांत सोयीचा, कारण लाइन गेली तरी त्याची बॅटरी त्याला सांभाळून नेते. एक काळजी मात्र घ्या. वर्षभर चार्जरला लावून ठेवलेली बॅटरी फुगू शकते. महिन्यातून एकदा लॅपटॉप उचलून खालून पाहावा. पाठ फुगीर दिसली तर बॅटरी काढून टाकावी, ती दाबू नये, टोचू नये. ज्या लॅपटॉपात चार्ज ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे, तिथे ती चालू करावी.

टेबलावरचा संगणक असेल तर यूपीएस हवाच. घरातल्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर पाठीमागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असा खटका आहे का पाहा आणि तो यूपीएसकडे करा, म्हणजे वीज जाता-येताना संगणकाला धक्का बसत नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर चकतीवरची नोंद अर्धवट राहते, आणि अर्धवट नोंद ही कोऱ्या पानापेक्षा वाईट. चांगला यूपीएस तारेने संगणकाला कळवतो की आता थोडीच शक्ती उरली आहे. मग संगणक आपले दप्तर आवरून स्वतः बंद होतो. आणि वीज परत आल्यावर आपोआप सुरू व्हावे, अशीही सूचना यंत्राच्या मूळ मांडणीत देता येते. नाहीतर रात्री दोनला वीज आली आणि सकाळी शाळा उघडेपर्यंत सर्व्हर झोपलेला, असे व्हायचे.

वळवाच्या पावसातली वीज ही वेगळी गोष्ट. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची नेटवर्क तार उघड्यावरून नेऊ नये, जवळपास वीज पडली तर तीच तार दाब आत आणते. अर्थिंग तपासून घ्यावे. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत यंत्र ठेवू नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून अधिक, आणि तापलेला संगणक स्वतःच आपला वेग कमी करतो. उंच, हवेशीर, उंदीर पोचणार नाहीत अशी जागा निवडा. हळदीच्या पोत्यांची खोली तर मुळीच नको.

आता संगणकावर कारभारी प्रणाली घालायची. मी डेबियन सुचवीन. ती फुकट आहे, जुन्या यंत्रावर चालते, आणि तिच्या प्रत्येक आवृत्तीला सुमारे पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. पेनड्राइव्हवरून ती घालायला तासाभराचे काम. मग राउटरला सांगायचे की या यंत्राला नेहमी एकच पत्ता दे, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. हे १९२.१६८ चे पत्ते १९९६ सालच्या ठरावाप्रमाणे घरगुती जाळ्यांसाठी राखून ठेवले आहेत. वाडीतल्या घरांच्या नावांसारखे, वाडीबाहेर त्यांना अर्थ नाही. मोबाइलमध्ये हा पत्ता घालताना आकडे इंग्रजी घालावेत. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. या आतल्या जाळ्याला इंटरनेट लागत नाही! टॉवर बंद असो, फायबर तुटलेले असो, राउटर आणि सर्व्हर यांना वीज मिळाली की वर्गातले मोबाइल सर्व्हरशी बोलतात.

त्यावर काय चालवावे? फाइलींच्या सामाईक कपाटासाठी सांबा, ही १९९२ पासून चालत आलेली व्यवस्था. फोनमधले फोटो आपोआप उतरवून घ्यायला नेक्स्टक्लाउड. आणि शाळेसाठी माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे किविक्स. हिच्यामुळे संपूर्ण विकिपीडिया एका फाइलीत बांधून इंटरनेटशिवाय वाचता येतो. इंग्रजीचा चित्रांसह सुमारे शंभर गिगाबाइटांचा आहे. मराठी विकिपीडिया, जो २००३ साली सुरू झाला, त्या मानाने कितीतरी लहान, साध्या पेनड्राइव्हवर मावणारा. परभणीला किंवा नांदेडला चांगले नेट मिळेल तिथे फाइल उतरवून घ्या, गावी आणून सर्व्हरवर ठेवा. बालभारतीची पाठ्यपुस्तकेही अशीच उतरवून वर्गात वाचायला ठेवता येतात.

आता तुम्ही म्हणाल, हा सर्व्हर मला पुण्याहून, मुलाच्या घरूनही उघडता आला पाहिजे. थांबा. बाहेरचा दरवाजा उघडण्याची घाई नको. इंटरनेटवर दिवसरात्र दारे ढकलून पाहणारी यंत्रे फिरत असतात. उघडे दार त्यांना काही तासांतच सापडते. शिवाय पुष्कळ कंपन्या एकाच बाह्य पत्त्यावर अनेक घरांना बसवतात, त्यामुळे बाहेरून थेट पोचताही येत नाही. गरज पडलीच तर वायरगार्डसारखा खासगी बोगदा करावा, म्हणजे ज्याच्याकडे किल्ली आहे तोच आत येईल. पहिले वर्षभर तरी सर्व्हर आतल्या जाळ्यातच राहू द्या. आणि मुलांची आधारपत्रे, बँकेचे तपशील असले काही सामाईक कपाटात ठेवू नये. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीबद्दल २०२३ च्या कायद्याने अधिक कडक जबाबदारी घातली आहे, आणि कायदा नसता तरी ती चारचौघांत ठेवण्याची वस्तू नव्हे.

राहिली प्रत. पुष्कळ जण इथे फसतात. दोन चकत्या बसवल्या, एकीवर लिहिले ते दुसरीवर आपोआप उमटते, म्हणून निर्धास्त होतात. पण तो आरसा आहे. एकीवरून चुकून ओव्यांची फाइल पुसली, तर आरशातलीही त्याच क्षणी पुसली जाते. आपल्या जुन्या माणसांनी बियाणे कधी एका कणगीत ठेवले नाही. थोडे घरात, थोडे गाडग्यात राखेत घालून, थोडे लेकीच्या गावी. संगणकवाल्यांचा नियम तोच आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. एक प्रत सर्व्हरवर, दुसरी दर शनिवारी जोडून पुन्हा सोडवून ठेवायच्या बाह्य चकतीवर, तिसरी वसमतच्या किंवा हिंगोलीच्या एखाद्या विश्वासू घरी, दर तीन महिन्यांनी बदललेली. सोडवून ठेवायची हे महत्त्वाचे; कायम जोडलेली चकती सर्व्हरबरोबरच विजेच्या धक्क्याला बळी पडते.

आणि प्रत घेतली एवढ्यावर थांबू नका. वर्षातून दोनदा त्या प्रतीतून एखादी फाइल परत काढून पाहा. ध्वनिमुद्रण वाजते का, फोटो उघडतो का. बियाणे पेरण्याआधी आपण ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोड यायला ठेवतोच की.

एक यंत्र नीट चालू लागले की मोडतोडीसाठी दुसरे ठेवावे. नवी प्रणाली, नवे प्रयोग त्यावर. मुलांच्या हातात तेच द्यावे. लहान यंत्रांची सावड करून मोठे काम होते हे आपल्याच माणसांनी दाखवले आहे. अकोला जिल्ह्यातल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' उभा केला, तो अनेक लहान प्रक्रियक एकत्र जुंपूनच. शिरड शहापुरातली दोन जुनी यंत्रे म्हणजे परम नव्हे, पण काम वाटून कसे घ्यायचे हे त्यांवरही शिकता येते.

शेवटी एक वही करा, साधी शंभर पानी, कागदाचीच. पहिल्या पानावर सर्व्हरचा पत्ता, कोणती चकती कधी बसवली, दुसरी प्रत कोणाकडे आहे. पुढे तारखेवार नोंदी: कधी बंद पडला, काय केले, कशाने सुरू झाला. कारभाऱ्याचा परवलीचा शब्द वहीत लिहू नये. तो पाकिटात सीलबंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा आणि पाकीट कुठे आहे एवढेच वहीत लिहावे. बदलीचा हुकूम आला की जाणाऱ्या शिक्षकाने येणाऱ्यासमोर बसून सर्व्हर एकदा बंद करावा, येणाऱ्याने तो सुरू करून एक फाइल प्रतीतून काढून दाखवावी, आणि दोघांनी वहीत सही करावी. मग प्रभाराची यादी पुढे चालू.