पेटीतलं बाळ आणि पेटीबाहेरचे आईबाप

लंडन : दिवस भरण्याआधीच जन्मलेलं, जेमतेम किलोभराचं बाळ काचेच्या पेटीत आहे. नाकाशी श्वासाची नळी, पायाला ऑक्सिजन मोजणारी तार, शेजारच्या पडद्यावर सतत बदलणारे आकडे. भेदरून उभ्या असलेल्या बापाला नर्स सांगते, शर्टाची बटणं काढा आणि खुर्चीत मागे रेलून बसा. मग नळ्या सांभाळत ते बाळ त्याच्या उघड्या छातीवर ठेवलं जातं, वर पांघरूण येतं, आणि पुढचा तासभर तरी दोघांना कोणी हलवत नाही. ब्रिटनच्या नवजात विभागांत हे रोज घडतं. नोकरीनिमित्त इथे आलेल्या मराठी जोडप्यांना मात्र त्याचं अप्रूप वाटतं. आपल्याकडे अनेकांनी पेटीतलं बाळ दाराच्या काचेतून, लांबूनच पाहिलेलं असतं.

या देशात जन्मणाऱ्या दर सात बाळांमागे साधारण एकाला अशा विभागात काही काळ काढावा लागतो. कुणाला कावीळ, कुणाला श्वासाचा त्रास, कुणी दोन-तीन महिने आधीच आलेलं. विभागांच्या तीन पायऱ्या आहेत. फार नाजूक बाळ मोठ्या रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात जातं आणि सावरलं की घराजवळच्या साध्या विभागात परत येतं. नॅशनल हेल्थ सर्व्हिसवर, म्हणजे एनएचएसवर, हक्क असलेल्या कुटुंबाला यासाठी बिल येत नाही.

पैशाइतकीच मोठी गोष्ट म्हणजे आईबापांकडे दिलं जाणारं काम. पेटीच्या गोल खिडक्यांतून हात घालून लंगोट बदलायचा. आईचा चीक कापसाच्या बोळ्यावर घेऊन बाळाच्या ओठांना लावायचा. नळीतून दूध कसं द्यायचं ते शिकायचं. डॉक्टरांची फेरी येते तेव्हा आईबापांनी तिथेच बसावं, प्रश्न विचारावेत, कालच्यापेक्षा आज बाळ वेगळं वाटतंय का ते सांगावं, अशी अपेक्षा असते. काही ठिकाणी तर शेजारच्या पेटीजवळच्या पालकांना तेवढ्यापुरते हेडफोन देतात, म्हणजे एकाची खाजगी माहिती दुसऱ्याच्या कानी पडत नाही.

बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू घेऊन आलेल्या आजीला इथे काही धक्के बसतात. बाळाला मधाचं बोट चाटवायचं नाही, वर्षाचं होईपर्यंत मध अजिबात नाही. मधातल्या जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. झोपवायचं ते पाठीवरच, हाही इथला काटेकोर नियम. 1991 साली टीव्हीवरच्या निवेदिका अ‍ॅन डायमंड यांचं तान्हं बाळ झोपेतच गेलं. ब्रिस्टलमध्ये डॉ. पीटर फ्लेमिंग यांच्या संशोधनातून पालथं झोपवण्याचा धोका पुढे आला होता. बाळांना पाठीवर झोपवा हे सांगण्यासाठी डायमंड यांनी देशभर मोहीम उभी केली आणि अशा मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. एका आईच्या दुःखातून सगळ्या देशाची सवय बदलली. या देशातल्या आरोग्यव्यवस्थेचा इतिहास चाळला की अशी उदाहरणं पुन्हा पुन्हा भेटतात.

कारण इथली रुग्णालयं पहिल्यापासून इतकी मोकळी नव्हती. 1950 च्या सुमाराला आजारी मूल दाखल केलं की आईबापांनी दारातूनच परत फिरायचं, अशी रीत होती. कित्येक ठिकाणी आठवड्यातून ठरावीक दिवशी, ठरावीक वेळेपुरतीच भेट. आई दिसली की मूल रडतं, म्हणजे आईच्या येण्याने त्रास होतो, असं तज्ज्ञ मंडळी मानत. टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधले समाजसेवक जेम्स रॉबर्टसन यांना हे पटेना. त्यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या दोन वर्षांच्या मुलीचा मुक्काम साध्या कॅमेऱ्याने टिपला. आईवाचून ती हळूहळू कशी मिटत जाते ते त्या फिल्ममध्ये दिसतं. 1952 मध्ये ती डॉक्टरांना दाखवली तेव्हा सभागृहातले अनेक जण रॉबर्टसन यांच्यावरच चिडले. तरी 1959 मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने सरकारला सांगितलं की मुलांच्या वॉर्डात पालकांना केव्हाही येऊ द्या. अहवाल आला आणि बऱ्याच रुग्णालयांच्या कपाटात राहिला. तो बाहेर काढला लंडनच्या बॅटरसी भागातल्या काही तरुण आयांनी. 1961 मध्ये त्यांनी संघटना काढली आणि रुग्णालयांना विचारायला सुरुवात केली की अहवालातलं तुम्ही काय काय लागू केलंत?

नवजात विभागांची दारं उघडायला आणखी वेळ लागला, आणि त्यासाठीची शिकवण गरीब, अडचणीतल्या रुग्णालयांकडून आली. कोलंबियातल्या बोगोटामध्ये पेट्या कमी पडत होत्या म्हणून डॉ. एडगार रे सानाब्रिया यांनी 1978 मध्ये बाळांना आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. एस्टोनियातल्या तालिनमध्ये नर्सेस पुरत नव्हत्या म्हणून डॉ. आदिक लेविन यांनी 1979 मध्ये आयांनाच वॉर्डात ठेवून घेतलं आणि बाळांची देखभाल त्यांच्या हाती दिली. कॅनडाच्या डॉ. शू ली यांनी तालिनची ही पद्धत टोरंटोत आणून शास्त्रीय कसोटीवर घासली. पालक ज्यांची देखभाल करतात त्या बाळांचं वजन जास्त चांगलं वाढतं, घरी जाताना आईच्या दुधावर असणारी बाळं जास्त असतात आणि पालकांवरचा ताण कमी होतो, असं 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. ब्रिटनमध्ये लीड्सने ही पद्धत लवकर उचलली, मग इतरांनी.

यात भारताचाही वाटा आहे. जन्मल्याबरोबर बाळ आईच्या छातीशी ठेवलं तर काय होतं हे पाहणारी जागतिक आरोग्य संघटनेची मोठी चाचणी भारतात आणि आफ्रिकेतल्या चार देशांत झाली. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. 2021 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू चतुर्थांशाने घटलेले दिसले. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी 1989 मध्ये सुरू केली. लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयातली पेढी 1939 पासून चालू आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवून जे साधलं, ते तर जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत गेलं.

ब्रिटनमधला सगळ्यात ताजा बदल कायद्यातला आहे. बाळ दोन महिने रुग्णालयात आणि बापाची रजा दोन आठवड्यांत संपलेली, अशी इथल्या कुटुंबांची गत होती. आईच्या प्रसूती रजेतला बराच काळ बाळ घरी येण्याआधीच सरत असे. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या आई कॅट्रिओना ओगिल्वी यांनी ‘द स्मॉलेस्ट थिंग्ज’ ही संस्था काढून हा प्रश्न धसास लावला. 1979 पासून काम करणारी ‘ब्लिस’ ही संस्थाही त्यात होती. 6 एप्रिल 2025 पासून नियम लागू झाला. पहिल्या 28 दिवसांत दाखल झालेलं बाळ सलग सात दिवस किंवा जास्त रुग्णालयात राहिलं, तर आई आणि बाप दोघांनाही प्रत्येकी 12 आठवड्यांपर्यंत जादा रजा. रजेचा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून, पगारासाठी मात्र काही अटी. उत्तर आयर्लंडमधल्या पालकांना या तारखेला तो मिळाला नाही. रजा मिळाली तरी रात्री बाळाजवळ राहायला सगळ्यांना खोली मिळतेच असं नाही. कोविडच्या काळात तर कित्येक विभागांनी आईबापांपैकी एका वेळी एकालाच आत सोडलं, तेव्हा पालक म्हणजे भेटायला आलेले पाहुणे नव्हेत हे ब्लिसला नव्याने सांगावं लागलं होतं.

आणि पालक बोलले, पण कुणी ऐकलंच नाही, तर? इथल्या व्यवस्थेची सगळ्यात काळी पानं याच प्रश्नाखाली येतात. श्रूझबरी भागातल्या रिअ‍ॅनन डेव्हिस आणि रिचर्ड स्टँटन यांची मुलगी केट 2009 मध्ये जन्मानंतर काही तासांत गेली. केली आणि कॉलिन ग्रिफिथ्स यांची पिपा 2016 मध्ये गेली. या दोन जोडप्यांनी मिळून तशी 23 प्रकरणं शोधून काढली आणि मंत्र्यांपुढे ठेवली. चौकशीचा आवाका वाढत गेला आणि डॉना ऑकेंडन यांचा अहवाल 2022 मध्ये आला. चांगली काळजी मिळाली असती तर 201 बाळं वाचू शकली असती, असं त्यात म्हटलं होतं.

ईस्ट केंटमध्ये लढणारा माणूस आजोबा होता. 2017 मध्ये डेरेक रिचफर्ड यांचा नातू हॅरी सात दिवसांचा होऊन गेला. कोरोनरला, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवायची गरज नाही असं रुग्णालयाचं म्हणणं. आजोबा कागद मागत राहिले, पत्रं लिहीत राहिले. 2020 मध्ये कोरोनरने हा मृत्यू पूर्णपणे टाळता येण्यासारखा होता असं नोंदवलं, पुढच्या वर्षी रुग्णालय चालवणाऱ्या ट्रस्टला 7 लाख 33 हजार पौंड दंड झाला. मग तिथल्या इतर कुटुंबांच्या प्रकरणांची चौकशी झाली, तेव्हा तपासलेल्या 65 बाळांच्या मृत्यूंपैकी 45 वेळा शेवट वेगळा होऊ शकला असता, असं निघालं.

इंग्लंडमध्ये 2024 पासून आलेला ‘मार्था नियम’ याच वेदनेतून जन्मला. तेरा वर्षांच्या मार्था मिल्सची तब्येत ढासळतेय हे तिची आई मेरोप सांगत होती, तिला वेळेवर अतिदक्षता विभागात हलवलं नाही आणि 2021 मध्ये ती गेली. आता हा नियम लागू असलेल्या रुग्णालयात पेशंट किंवा घरच्यांना शंका आली, तर उपचार करणाऱ्या चमूला वगळून दुसऱ्या तज्ज्ञ चमूला चोवीस तासांत केव्हाही फोन करता येतो. नंबर वॉर्डात लावलेला असतो.

मराठी पालकांनी तो वाचून ठेवावा. डॉक्टरांना उलट विचारणं म्हणजे आगाऊपणा, हा संस्कार आपल्यात खोल आहे, आणि परक्या देशात तो आणखी गप्प करतो. ब्रिटनच्या आकडेवारीत आशियाई आणि कृष्णवर्णीय कुटुंबांत बाळं दगावण्याचं प्रमाण गोऱ्या कुटुंबांपेक्षा वर्षानुवर्षं जास्त आहे. त्याची कारणं अनेक आहेत, पण ऐकून न घेतलं जाणं हे त्यांतलं एक आहे, असं पालक सांगतात. इंग्रजी अडत असेल तर एनएचएसने दुभाषा द्यायचा असतो, तोही फुकट. सासूची वा आईची मोडकीतोडकी इंग्रजी किंवा नवऱ्याने घाईत केलेलं भाषांतर यावर बाळाचे उपचार ठरू नयेत म्हणून तो मागावाच. तक्रार करायची झाली तर बहुतेक मोठ्या रुग्णालयांत ‘पाल्स’ नावाचा रुग्णसाहाय्य कक्ष असतो.

दरम्यान नॉटिंगहॅममधल्या प्रसूती सेवांच्या चौकशीत ऑकेंडन यांच्याकडे सुमारे अडीच हजार कुटुंबांची प्रकरणं आली. 2025 मध्ये आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी देशभरच्या प्रसूती आणि नवजात सेवांची राष्ट्रीय चौकशी जाहीर केली आणि तिचं नेतृत्व बॅरोनेस व्हॅलरी अमोस यांच्याकडे दिलं. मूल गमावलेल्या कुटुंबांचं म्हणणं ऐकणं हे तिच्या कामातच धरलेलं आहे. यातली बरीच कुटुंबं मात्र न्यायालयीन अधिकार असलेली चौकशी मागतायत, म्हणजे साक्षीदारांना शपथेवर बोलवता येईल आणि कागद दडवता येणार नाहीत.