चिडचिड स्वभावाची की जीवनसत्त्वाची?

भिलाईच्या सेक्टरमधील एखादे क्वार्टर डोळ्यांसमोर आणा. यजमान पोलाद कारखान्यात शिफ्ट ड्युटीवर, मुलगा शिकायला बाहेरगावी आणि पन्नाशीकडे झुकलेली गृहिणी वर्षभरात पार बदललेली. कशात लक्ष लागत नाही, क्षुल्लक कारणावरून डोळ्यांत पाणी येते, ठेवलेली वस्तू आठवत नाही, रात्री तळपायांना मुंग्या येतात. घरचे म्हणतात, "वयच तसं आहे." शेजारीण सुचवते, "भिशीला येत जा, मन रमेल." रक्त तपासून घ्या, असे मात्र कोणी म्हणत नाही.

या तक्रारींमागे ब-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. रक्तातील तांबड्या पेशी, मज्जातंतूंवरील संरक्षक आवरण आणि मेंदूतील काही रसायने तयार होण्यासाठी शरीराला ते लागते. ते कमी पडले की पांडुरोग होतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण कित्येकदा उदासपणा, विसरभोळेपणा आणि मुंग्या आधी येतात, हिमोग्लोबिन मात्र ठीक असते. मग 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून विषय संपतो.

ही कमतरता आपल्याकडे दुर्मीळ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये ब-१२ कमी आढळले. मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते! खाऊनपिऊन सुखी घरांतच टंचाई अधिक.

कारण ताटात आहे. ब-१२ मिळते ते मांस, मासे, अंडी आणि दूध-दह्यातून. भाजीपाला, डाळी, धान्य यांत ते जवळजवळ नसतेच. छत्तीसगडची लालभाजी, चेचभाजी उत्तमच, पण या कामी उपयोगाची नाही. बोरे-बासी उन्हाळ्यात पोटाला थंडावा देते, तरी ब-१२ साठी तिच्यावर विसंबता येत नाही. शाकाहारी घरात उरते दूध, आणि त्याची वाटणी कशी होते ते प्रत्येक गृहिणी जाणते. पेलाभर मुलांना, वाटीभर नैवेद्याला, दही यजमानांच्या पानात. तिच्या वाट्याला चहात पडेल तेवढेच. श्रावण-चातुर्मासात अंडेही बंद. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून तूट हळूहळू, नकळत वाढते.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्यांनाही हा धोका असतो. सेक्टर ९ च्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयात दाखवा की खासगी डॉक्टरांकडे, चालू औषधांची यादी सोबत न्यावी. अहवालात ब-१२ साधारणपणे २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल, तर कमतरता मानतात. त्याच्या थोडे वर असेल, तर लक्षणे पाहून डॉक्टर ठरवतात.

'ड' जीवनसत्त्वाचेही नाव हल्ली उदासीनतेशी जोडले जाते. नाइट शिफ्ट करून दिवसा पडदे ओढून झोपणाऱ्यांना ऊन मिळत नाही, हे खरेच. पण अमेरिकेत पन्नाशीपुढील १८ हजारांहून अधिक लोकांना सरासरी पाच वर्षे 'ड' किंवा बिनऔषधी गोळ्या दिल्या, तेव्हा नैराश्य टाळण्यात काहीच फरक दिसला नाही (२०२०). म्हणजे हाडांसाठी डॉक्टरांनी सांगितल्यास 'ड' जरूर घ्या. आनंदाची गोळी म्हणून नको.

ब-१२ चेही तसेच. कमी असेल तर भरून काढल्याने गुण येऊ शकतो. पुरेसे असताना इंजेक्शने टोचून मन प्रसन्न होत नाही. नैराश्यावर सुरू असलेले औषध तर मनाने मुळीच बंद करू नये. जगणे नकोसे वाटत असेल, तर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करावा.

उपचार तसा स्वस्त आहे : आधी इंजेक्शने किंवा गोळ्या, पुढे ठरावीक मात्रा. रक्त काही आठवड्यांत सुधारू लागते. मुंग्या ओसरायला महिने लागतात, आणि फारच उशीर झाला असेल, तर मज्जातंतूंची हानी पूर्णपणे भरून येत नाही.