गणित आधी मराठीत सांगा!

‘आकडेमोड जमते, पण वर्ड प्रॉब्लेम आला की गाडी अडते,’ ही तक्रार आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत ऐकू येते. गाडी अडते ती बहुधा समीकरण मांडताना.

‘सिक्स टाइम्स ॲज मेनी स्टुडंट्स ॲज प्रोफेसर्स’ हे वाक्य घ्या. शब्दांच्या क्रमाने गेलो तर हातून ६वि = प्रा लिहिले जाते. अमेरिकेत १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे एक तृतीयांशाहून अधिक विद्यार्थी इथेच चुकले होते!

आता मराठीत म्हणा: ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत.’ वि = ६प्रा. क्रम आपोआप बरोबर! ‘फाइव्ह लेस दॅन एक्स’ऐवजी ‘क्षपेक्षा ५ने कमी’ म्हटले, की क्ष – ५ समोर दिसते.

आणखी दोन सवयी लावा. अक्षर म्हणजे वस्तू नव्हे, तिची संख्या. ती कशाची, हे एककासह आधी लिहावे. आणि सोपा आकडा घालून पाहावा: प्राध्यापक १०, तर विद्यार्थी ६०. ६ × ६० म्हणजे १० होतात का?

सरावासाठी: ताईकडे क्ष डॉलर आहेत. दादाकडे तिच्या दुपटीपेक्षा ५ कमी. दोघांचे मिळून ४०.
क्ष + (२क्ष – ५) = ४०, म्हणून क्ष = १५. ताईचे १५, दादाचे २५.

घरातली मराठी अशी गृहपाठालाही उपयोगी पडते. आज रात्री जेवणानंतर करून पाहा!