गुरुजींचे प्रगतिपुस्तक कोण भरते?

वरवे बुद्रुक (ता. भोर) भागातील जिल्हा परिषद शाळेचा शिक्षक मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि भोरच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली असतो. वर्षअखेरीस त्याचा गोपनीय अहवाल लिहिला जातो. खरे मूल्यमापन मात्र वर्गात होते. भेटीला आलेले केंद्रप्रमुख दुसरीतल्या मुलीला उतारा वाचायला देतात, फळ्यावर हातच्याची वजाबाकी घालतात आणि जाताना शेरेबुकात नोंद करतात. ती भेट निवांत झाली, तरच तिचा शिक्षकाला उपयोग.

जून 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. पाठोपाठ शाळेच्या मूल्यमापनाची ‘शाळा सिद्धी’ आली: 7 क्षेत्रे, 46 मानके, तीही शाळेने स्वतःच भरायची. ऑक्टोबर 2017 मध्ये 12 आणि 24 वर्षांच्या सेवेनंतरची वेतनश्रेणी शाळेच्या श्रेणीशी जोडली गेली. विरोध झाला, 2019 मध्ये अट गेली. ते योग्यच झाले. गळक्या छपराचे गुण शिक्षकाच्या पगारातून का कापायचे?

आता या प्रगतिपुस्तकात परीक्षेचीही भर पडली आहे. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना सवलत आहे, पण पदोन्नतीसाठी नाही.

पालकांनो, या प्रगतिपुस्तकात तुमचाही वाटा आहे: शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा तुमच्या आहेत, समितीत निम्म्या महिला हव्यात. पुढच्या बैठकीला जा आणि मुले काय वाचतात ते विचारा.