बाग बांधायला पैसा मिळतो, जगवायला कोण देणार?

आपल्या सीमाभागातल्या खेड्यात बागेची गरज कधी कुणाला भासली नाही. वेशीजवळ पार असे, पारावर वड नाही तर पिंपळ असे आणि प्रत्येक घराला अंगण असे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदकडची माणसे शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी बिदर-कलबुर्गीला आली. तीस बाय चाळीसच्या साइटवर घरे उभी राहिली, अंगण मात्र गावीच राहिले. आता दोन-तीन खोल्यांत सासू, सून आणि नातवंडे दिवसभर एकमेकांसमोर. अशा घरांना कॉलनीतली बाग ही चैन नाही; तेच त्यांचे अंगण आहे.

मी उदगीरहून लग्न होऊन बिदरला आले, त्याला पुष्कळ वर्षे झाली. आमच्या कॉलनीच्या आराखड्यात बागेसाठी एक जागा राखून ठेवलेली होती. एके वर्षी निधी आला. तारेचे कुंपण, फरशीची पायवाट, झोपाळे, घसरगुंडी, कारंजे, सारे झाले. फीत कापली, पेढे वाटले. दुसऱ्याच उन्हाळ्यात हिरवळ जळाली, कारंज्यात प्लास्टिकच्या पिशव्या साचल्या आणि झोपाळ्याची साखळी तुटली. आम्ही सात-आठ जणी अर्ज घेऊन कार्यालयात गेलो. उत्तर मिळाले, ‘बोअरला पाणी नाही आणि माळी ठेवायला तरतूद नाही.’ उत्तर ऐकून राग आला, पण ते खोटे नव्हते. बांधण्याचा पैसा आणि जगवण्याचा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी नीट कळले.

थोडे हिशेबाचे बोलू. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने उद्याने, बागा आणि क्रीडांगणे हे विषय शहरी स्थानिक संस्थांच्या कामांच्या यादीत घातले. म्हणजे जबाबदारी पालिकेची. पैसा मात्र बराचसा वरून येतो. केंद्राची ‘अमृत’ योजना 2015 साली सुरू झाली. तिच्यात बिदर आणि कलबुर्गी ही दोन्ही शहरे होती आणि थोडा हिस्सा बागांसाठीही होता. 2021 च्या ‘अमृत 2.0’ मध्ये लहान शहरांनाही जागा मिळाली. आपल्या सहा-सात जिल्ह्यांसाठी घटनेच्या कलम 371 (जे) खाली 2013 साली विकास मंडळ स्थापन झाले, तेही कामांना निधी देते. पण हा सारा निधी मुख्यतः काम उभे करण्यासाठी असतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी दिलेल्या अनुदानातला मोकळा भाग गरजेप्रमाणे वापरता येत होता, मात्र पगारासाठी नाही. म्हणजे कारंजे घेता येते, माळ्याचा पगार देता येत नाही! तो पालिकेने मालमत्ता करातून, स्वतःच्या उत्पन्नातून द्यायचा. तिथेच बाग सुकते.

याच शहरात जुन्या लोकांनी हे कोडे कसे सोडवले ते पाहण्यासारखे आहे. बहामनींची राजधानी पंधराव्या शतकात कलबुर्गीहून बिदरला आली. शहर जांभ्या दगडाच्या पठारावर, पाण्याची चणचण. तेव्हा इराणी पद्धतीने जमिनीखालून बोगदा खणून झऱ्याचे पाणी उताराने आणण्याची ‘करेज’ बांधली गेली. नौबादजवळ ती आजही पाहायला मिळते. आधी पाणी, मग वस्ती, मग बाग, असा तो क्रम. उदगीर रस्त्यावर अली बरीदची 1577 च्या सुमाराची कबर आहे, चारही बाजूंनी खुली. तिच्याभोवतीच्या बरीदशाही उद्यानात सकाळी फिरायला येणाऱ्यांत कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू सगळ्या भाषा ऐकू येतात. कलबुर्गीत शरणबसवेश्वरांच्या तळ्याकाठी, आपण अप्पांचे केरे म्हणतो तिथे, हेच चित्र असते. पाण्याजवळची जागा आपोआप लोकांची होते.

म्हणून नवी योजना करताना पहिला प्रश्न पाण्याचा हवा. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात गालिच्यासारखी हिरवळ लावायची आणि बोअरवर भरवसा ठेवायचा, हे परवडणारे नाही. कडुनिंब, करंज, चिंच, वड ही आपल्या मातीतली झाडे पहिली दोन-तीन वर्षे जपली की पुढे फारसे मागत नाहीत, आणि सावली देतात. पावसाचे पाणी मुरवायला बागेतच चर खणावेत. कारंज्याचा खर्च बाकडी, दिवे, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृहाकडे वळवावा. दिवा आणि स्वच्छतागृह नसले, तर संध्याकाळी बाग फक्त पुरुषांची होते, हे बायकांना वेगळे सांगायला नको.

दुसरा प्रश्न जागेचा. केंद्राच्या 2014 च्या नगररचना मार्गदर्शिकेत माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. 2011 च्या जनगणनेत बिदर शहराची लोकसंख्या 2 लाख 16 हजार होती. तेवढ्याच लोकांचा हिशेब धरला तरी सुमारे 530 एकर होतात. इतकी जागा नव्याने कुठून आणणार? म्हणून जी राखीव आहे ती हातची जाऊ देता कामा नये. कर्नाटकात उद्याने आणि मोकळ्या जागांच्या रक्षणासाठी 1985 चा कायदा आहे. बंगळूरमध्ये बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली होती. रहिवासी न्यायालयात गेले आणि 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्या कॉलनीच्या मंजूर आराखड्याची प्रत माहिती अधिकारात मागता येते. ती प्रत्येक रहिवासी संघाच्या फाइलीत असली पाहिजे.

तिसरा प्रश्न देखभालीचा. बाग एखाद्या संस्थेला दत्तक द्या, असे सहज सुचवले जाते. मुंबईत असे भूखंड संस्थांना देण्याच्या धोरणावर इतकी टीका झाली की 2016 मध्ये पालिकेला ते परत मागण्याची वेळ आली. मदत कुणाचीही घ्यावी, पण ताबा पालिकेचा आणि फाटक सर्वांना उघडे राहावे. तिकिटाचेही तसेच. मोठ्या उद्यानाला ते चालेल. कॉलनीच्या बागेला पाच रुपये लावले, तरी धुणेभांडी करणारीची मुले फाटकाबाहेरच उभी राहतील.

माझे म्हणणे साधे आहे. बागेच्या प्रत्येक प्रस्तावात दोन रकाने असावेत: बांधण्याचा खर्च, आणि पुढच्या पाच वर्षांचे पाणी, माळी व दुरुस्ती यांचा खर्च. दुसरा रकाना रिकामा असेल तर पहिल्याला मंजुरी देऊ नये. मालमत्ता कराचा ठरलेला वाटा बागांसाठी वेगळा काढावा आणि तो कुठे खर्च झाला हे बागेच्या फाटकावरच्या फलकावर लिहावे.

वाचक भगिनींनो, अंदाजपत्रकाचे दिवस आले की आपापल्या वॉर्डाच्या सदस्याला गाठा. नवीन बाग मागण्याआधी आहे त्या बागेच्या माळ्याचा पगार मागा. कर आपण वेळेवर भरला असेल, तर हे मागायला संकोच कशाला?