कोसोवोच्या लढाईत सर्बिया संपला? नाही, त्यानंतर हे राज्य ७० वर्षं तग धरून होतं!

१३८९ साली कोसोवोच्या मैदानात सर्बियाचा सत्ताधीश लाझार मारला गेला. ओटोमन सुलतान मुराद पहिला हासुद्धा तिथेच गेला. सर्बियाचं राज्य त्याच दिवशी संपलं, असं अनेक पोस्टमध्ये तुम्ही वाचलं असेल. पण तसं घडलेलं नाही.

लाझारचा मुलगा स्टेफान सुलतानाचा मांडलिक झाला. १४०२ मध्ये तैमूरलंगाने सुलतान बायझिदला पकडलं आणि स्टेफानला मोकळा श्वास मिळाला. त्याने हंगेरीकडून बेलग्रेड मिळवून तिथे राजधानी केली. १४२७ मध्ये तो निपुत्रिक वारला, बेलग्रेड हंगेरीला परत गेलं आणि गादीवर भाचा ज्युराज ब्रांकोविच आला. त्याने डॅन्यूबकाठी स्मेदेरेवोचा प्रचंड किल्ला बांधला.

एकीकडे हंगेरी, दुसरीकडे सुलतान, आणि दोघांच्या मध्ये सापडलेला ज्युराज. त्याच्या हातात एकच जमेची गोष्ट होती, ती म्हणजे नोवो ब्रदोच्या चांदीच्या खाणी. किल्ला, सैन्य, खंडणी, सगळं त्यावरच चालायचं.

त्याने मुलगी मारा हिचं लग्न सुलतान मुराद दुसरा याच्याशी लावून दिलं. उपयोग? १४३९ मध्ये जावयानेच स्मेदेरेवो घेतलं आणि १४४१ मध्ये आपल्या दोन मेहुण्यांचे डोळे काढले! १४४४ च्या तहात राज्य आणि ती आंधळी मुलं परत मिळाली. त्यामागे माराची मध्यस्थी होती.

मुरादनंतर आलेल्या मेहमद दुसऱ्याने १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला वेढा घातला. तटाखाली भुयारं खणायला नोवो ब्रदोचेच खाणकामगार नेले होते. दोनच वर्षांनी मेहमदने चाळीस दिवसांच्या वेढ्यानंतर नोवो ब्रदो घेतलं. प्रमुख लोकांना मारलं, मुलांना जॅनिसरी फौजेसाठी नेलं. कोन्स्टँटिन मिहाईलोविच हा त्यांच्यापैकीच एक. त्याने पुढे आपल्या आठवणी लिहून ठेवल्या.

खाणी गेल्या, तिजोरी आटली. १४५६ च्या डिसेंबरात ज्युराज गेला आणि घरात भांडणं लागली. धाकटा लाझार गादीवर बसला, तर मारा आंधळ्या ग्रगुरला घेऊन थेट सुलतानाकडे निघून गेली. लाझारही १४५८ च्या जानेवारीत वारला, मुलगा नव्हता. मग आंधळा स्टेफान, मग बोस्नियाहून आणलेला जावई. २० जून १४५९ ला स्मेदेरेवो न लढताच सुलतानाच्या ताब्यात गेलं.

मारा मात्र त्यानंतर २८ वर्षं जगली, सावत्र मुलगा मेहमदने दिलेल्या जहागिरीवर. व्हेनिसशी बोलणी करताना तो तिचीच मदत घ्यायचा.